आरसे लावलेली घांगळी

वावर हे जव्हार तालुक्यातलं गाव. बाहेरच्या जगाला त्याचं नाव कळलं ते १९९२-९३ मध्ये, वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली तेव्हा. मंत्री आले, गाड्या आल्या, अहवाल निघाले. गावाची दुसरी ओळख कुठल्या अहवालात सापडायची नाही. भात-नागली खळ्यावर आली की तिकडं कणसरीची पूजा मांडतात. भगत घांगळी घेऊन बसतो आणि धान्याच्या त्या देवीची कथा रात्र रात्र गातो. ही गोष्ट त्या घांगळीची. यातली माणसं मी रचलेली आहेत, म्हणून त्यांना नावं दिलेली नाहीत. बोधकथेत नावांवाचून अडतही नाही.

घांगळी म्हणजे बांबूची दांडी, तिच्याखाली बांधलेले दोन वाळके दुधी, वर ताणलेल्या तारा आणि मेणानं बसवलेले पडदे. तारपा सगळ्यांना माहीत असतो, कारण तो नाचात असतो, वारली चित्रात असतो, मिरवणुकीत असतो. घांगळी बसून वाजवायची, तीही देवाच्या कामाला. म्हणून तिचे फोटो कमी निघतात.

वावरात एक म्हातारा घांगळ्या बनवायचा. त्याचं काम बघायला बसलं तर दहा मिनिटांत कंटाळा यावा. दुधी वेलावरच वाळू द्यायचा, मग काढून अंगणात मांडायचा आणि एकेकाला टिचकी मारत फिरायचा. ज्याचा आवाज पटला नाही तो शेजारणीला द्यायचा, "पाणी भरायला घे." असे पाण्याचे दुधी त्या पाड्यावर घरोघरी होते. निवडलेल्या दुधीचं खालचं तोंड कापायचं, बिया आणि गर काढायचा, आतून खरवडायचं. तोंड किती मोठं ठेवायचं हे तो एकदम ठरवत नसे. थोडं कापायचा, दांडीला बांधून तार छेडायचा, सोडून पुन्हा थोडं कापायचा. कधी एक दुधी चार दिवस खायचा, कधी दुपारपर्यंत होऊन जायचा. तयार घांगळी दिसायला अगदीच मामुली. शेणानं सारवलेल्या भिंतीला टेकवली तर पटकन दिसायचीही नाही.

त्याचा नातू आश्रमशाळेत शिकलेला, हातात चित्रकला. लग्नाचा चौक काढायला बायका त्याला हौसेनं बोलवायच्या. पावसाळ्यात मुंबई-नाशिकची माणसं दाभोसाचा धबधबा बघायला येतात, जव्हारचा जयविलास राजवाडा बघतात आणि जाताना काहीतरी घेऊन जातात. जव्हारच्या एका दुकानदारानं नातवाची चित्रं ठेवली, ती खपली. एकदा नातवानं सहज आजाच्या घांगळीच्या दुधीवर नाचाचा गोल काढला आणि दुकानात नेऊन ठेवली. ती त्याच संध्याकाळी गेली.

"छान आहे," दुकानदार म्हणाला, "पण जरा उठाव आण."

मग उठाव आला. आधी लाल-काळा ऑइलपेंट, दोन हात. मग पितळी फुल्यांचे खिळे. मग कवड्या, मणी. तरीही दुधीची खाली कापलेली तोंडं उघडी-बोडकी दिसायची, म्हणून नातवानं तिथं मापाचे गोल आरसे बसवले आणि कडेनं लाखेनं पक्के केले. हे आरसे म्हणजे कमालच झाली. मुंबईच्या प्रदर्शनात माणसं घांगळी हातात घ्यायची, उलटी करायची आणि आरशात आपलाच चेहरा दिसला की हसायची. हसलेलं गिऱ्हाईक सहसा रिकाम्या हातानं जात नाही. नातू परतला तेव्हा त्याच्याकडं एकही घांगळी उरली नव्हती.

म्हाताऱ्यानं नोटा मोजून डब्यात ठेवल्या आणि विचारलं, "वाजते का?"

"वाजवतंय कोण, आजा? भिंतीला लावतात."

"मग बरं. चित्रं विकतोस तशी हीपण वीक. पण भगताला यातली देऊ नको."

नातवाला वाटलं, म्हातारा नव्या कामावर जळतो. पोरांना असं वाटतंच.

त्या पावसात म्हाताऱ्याला ताप आला. तो उतरला, पण हात कापायला लागले. दिवाळी झाली, कापणी झाली, म्हातारा मोखाड्याला लेकीकडं विसाव्याला गेला. नेमका तेव्हाच भगत दारात आला. त्याच्या घांगळीचं मेण उंदरांनी खाल्लं होतं, जाताजाता एक दुधीही कुरतडला होता. पूजा परवावर आलेली.

नातवानं आपली सगळ्यात देखणी घांगळी आतून आणली. भगतानं ती उलटसुलट केली, आरशात स्वतःची दाढी पाहिली, हसला आणि घेऊन गेला.

पूजेच्या रात्री खळ्यावर तिच्याभोवती गर्दी जमली. पोरं आरशात डोकावत होती. दिव्याचा उजेड पितळेवर खेळत होता. बायका म्हणाल्या, अशी घांगळी आसपासच्या कुठल्या पाड्याला नाय. नातू एका बाजूला उभा राहून ऐकत होता. त्याच्या आयुष्यातली ही सगळ्यात सुखाची अर्धी घटका असावी.

मग भगतानं तार छेडली.

आवाज झाला, पण तो पुढच्या ओळीपाशीच बसला. दुधीची तोंडं आरशांनी बंद, अंगावर रंगाचं कातडं. तारेचा आवाज आत घुमणार कुठं आणि बाहेर पडणार कुठून? त्यात कुठलासा मणी सैल होता, तो दर आघाताला चिरचिरायचा. कणसरीची कथा लांब असते. भगत गातो, घांगळी त्याला खालून धरून ठेवते, आणि त्या घुमण्यावर मागची माणसं हुंकार देत जागी राहतात. त्या रात्री मागच्यांनी आधी गप्पा काढल्या, मग विड्या पेटवल्या, मग तिथंच आडवे झाले. भगत थांबला नाही. देवाचं काम अर्ध्यावर सोडत नाहीत. घांगळी जितकं कमी बोलली तितका तो गळा ताणत गेला, आणि पहाटे त्याच्या घशातून फक्त वारा निघत होता.

सकाळी त्यानं घांगळी परत आणून दिली. रागावला नाही. बसक्या आवाजात एवढंच म्हणाला, "पोरा, रात्रभर मी एकटाच गात होतो."

नातू दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं ठरवलं, सगळा दोष नक्षीचा. आजा साधी बनवतो म्हणून त्याची वाजते. आपणही साधी बनवू. त्यानं एक दुधी घेतला, कापला, दांडीला बांधला, वर रंगाचा ठिपकाही लावला नाही. तारा चढवून छेडली. ही पहिलीपेक्षा बरी होती, कारण तिचं तोंड उघडं होतं. पण आवाज रड्या, ओल्या लाकडावर ठोकल्यासारखा. आता नातवाची पंचाईत झाली. दोष द्यायला नक्षीही उरली नाही.

म्हातारा परत आला. त्यानं ती छेडून पाहिली, दुधीला टिचकी मारली, मान हलवली. का वाजत नाही, असं नातवानं परत परत विचारलं. म्हाताऱ्याला सांगता येईना. आयुष्यभर हातानं केलेल्या गोष्टीचं कारण तोंडानं सांगणं हे वेगळं कसब आहे, आणि पुष्कळ चांगल्या कारागिरांकडं ते नसतं.

आश्रमशाळेतल्या गाण्याच्या सरांचा तानपुरा त्या महिन्यात बिघडला होता. ते तो घेऊन मिरजेला निघाले होते. म्हाताऱ्यानं नातवाला त्यांच्या मागं लावून दिलं, "तानपुरा उचलायला."

मिरजेत सतारमेकरांची गल्लीच आहे. हे लोक मूळचे शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारे. इंग्रजी अंमल बसला, हत्यारांचं काम आटलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांच्या घराण्यानं तंतुवाद्यांत हात घातला. तेव्हापासून पिढ्यामागून पिढ्या तिथं सतारी आणि तानपुरे होतात. गायक अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले, आणि १९३७ मध्ये गेल्यावर त्यांना मिरजेच्या दर्ग्याच्या आवारातच मूठमाती मिळाली. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठच्या शेतांतून. नातवाला तिथं पहिलं काय दिसलं असेल तर छताला टांगलेले भोपळे, त्याच्या दुधीपेक्षा कितीतरी मोठे, आणि त्यांच्याखाली बसलेला एक म्हातारा कारागीर. तोही टिचक्या मारत होता. भोपळ्यावर नाही, लाकडाच्या पातळ फळीवर. तिला तबली म्हणतात. ती भोपळ्याच्या तोंडावर बसते, आणि तिच्यावर घोडी, तारा जिच्यावर टेकतात ती.

नातवानं आपली कहाणी सांगितली. आरशाचा भाग ऐकून उस्ताद खो खो हसले. मग म्हणाले, "तोंड भिंतीकडं कर. तीन तानपुरे छेडतो. सांग, कुठला चांगला?"

पहिला वाजला तेव्हा खोली भरली. दुसरा ठीक. तिसरा दबलेला, त्याला सर्दी झाल्यासारखा. "पहिला," नातू म्हणाला, आणि वळला.

पहिल्या तानपुऱ्यावर सगळ्यात जास्त नक्षी होती. दांडीभर पांढऱ्या पट्ट्या, गळ्याशी कोरलेली पानं, तबलीच्या कडेनं वेलबुट्टी, खुंट्यांवरही फुलं. तिसरा, तो दबलेला, अगदी साधा होता. चपड्याच्या पॉलिशशिवाय त्याच्या अंगावर काही नव्हतं.

नातवाचा चेहरा पडला. एवढ्या लांब येऊन जे एक शिकलो असं वाटत होतं तेही खोटं निघालं.

"तो साधा माझ्या पोरानं केलाय," उस्ताद म्हणाले. "तबली जाड ठेवली. तासायचा आळस केला. साधेपणाच्या नावावर आळसही खपतो, बेटा. आता इकडं ये." त्यांनी नक्षीचा तानपुरा आडवा ठेवला आणि त्यावरून बोट फिरवत नेलं. "ही कडेची पट्टी. इथं तबली भोपळ्याला जोडली, तो सांधा हिच्याखाली झाकला. ही गळ्याची पानं. इथं दांडी येऊन मिळते, सांध्याला वरून पकड मिळाली. दांडीवरच्या पट्ट्या नुसत्या शोभेच्या, पण दांडीवर त्या कुणाच्या आड येत नाहीत. आता तबलीच्या मध्याला बघ. घोडीच्या आजूबाजूला. काय दिसतं?"

काहीच नव्हतं. नुसतं तुणाचं लाकूड, त्याच्या रेषा आणि पॉलिशचा पातळ हात.

"बोलते ती जागा ही. नवरीला आम्हीपण दागिने घालतो, पण तोंडात बोळा कोंबून नाही. तू आरसा कुठं लावलास?"

नातू गप्प.

इथं गोष्ट थोडी थांबवून सांगतो, कारण नक्षी आवाजाच्या आड येते का, ही शंका फक्त वावरच्या पोराची नाही. स्पेनमध्ये तोर्रेस नावाचा गिटार बनवणारा होता. आजची शास्त्रीय गिटार बरीचशी त्याच्या मापांवर चालते. १८६२ मध्ये त्यानं एक गिटार अशी केली की तिची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या. लाकूड चांगलं वापरलं ते फक्त समोरच्या पातळ फळीला. आवाज मुख्यतः कुठून येतो ते त्याला दाखवायचं होतं. आणि नक्षीला नाकं मुरडणाऱ्यांसाठी दुसरं उदाहरण इटलीचं. स्ट्रॅदिव्हारीनं १६७९ मध्ये केलेलं 'हेलियर' नावाचं व्हायोलिन हस्तिदंताच्या चौकोन-ठिपक्यांनी कडेकडेनं जडवलेलं आहे. कडेकडेनंच. मधल्या फळीला त्यानं हात लावला नाही.

"पण एक सांगा चाचा," नातवानं विचारलं, "नक्षीचाच तानपुरा सगळ्यात चांगला कसा निघाला?"

"सोपं आहे. नक्षी चढवायच्या आधी मी तबली ठोकून ऐकतो. जी बोलणार नाही तिच्यावर महिनाभर मान मोडून बसायला मी खुळा आहे का? चांगल्या वाद्यावरच मेहनत घालतो. बाजारात उलटंही मिळतं. लाकूड हलकं, म्हणून वर नक्षी दाट, गिऱ्हाईकाचं बोट खाली जाऊ नये म्हणून. त्यामुळं नक्षी बघून काहीच कळत नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. आधी ऐकायचं. मग बघायचं." त्यांनी एक जुनी, पिवळसर पडलेली पट्टी दाखवली. "माझ्या आजाच्या वेळी हे हस्तिदंताचं असायचं. कायद्यानं ते बंद झालं, आता सेल्युलॉइड लावतो. हत्ती वाचला, तानपुरा काही मुका झाला नाही. यावरून काय समजायचं ते समज."

सरांचा तानपुरा चांगला जडावाचा होता, पण मेलेला. उस्तादांनी त्याची घोडी बघितली. तारांनी घासून तिच्यावर बारीक चऱ्या पडल्या होत्या. त्यांनी तारा बाजूला केल्या, घोडीचा माथा कानशीनं जरा जरा घासला, तारा परत चढवून तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवला, छेडलं, पुन्हा घासलं. जवारी लावणं म्हणतात ते हेच. तार घोडीच्या उतारावर नुसती टेकत-उठत थरथरली पाहिजे, जास्त चिकटली तर आवाज बसतो, कमी टेकली तर कोरडा पडतो. दुपार कलली तेव्हा तानपुरा एकदम उमलला. सरांनी डोळे मिटले. नातवानं उघडे ठेवले आणि घोडीकडं नीट बघून घेतलं. सगळ्या वाद्यात हाडाचा तेवढा एक तुकडा बोटभर रुंद, सगळा जीव त्याच्यावर, आणि त्याच्यावर फुलाची एक पाकळीही नाही.

वावरला आल्यावर त्यानं पहिलं विचारलं, "आजा, तू साधी का बनवतोस?"

म्हातारा गोंधळला. "साधी? मी कुठं साधी बनवतो? मी वाजती बनवतो. चितारायला मला येत नाय, म्हणून राहते साधी."

मग दोघं मिळून बसले. म्हातारा टिचकी मारायचा, नातू ऐकायचा. हळूहळू नातू मारायला लागला आणि म्हातारा ऐकायला. दुधी निवडले, वेलावर नीट वाळलेले. ज्या घाईत त्यानं साधी घांगळी केली होती तिचा दुधी अर्धा कच्चा होता, हे त्याला आता अंगठा लावताच कळत होतं. आतून खरवडताना आजा सारखा "अजून" म्हणायचा आणि नातवाला वाटायचं आता भोक पडणार. पडलंही, दोनदा. ते दोन दुधी शेजारणीच्याही कामाचे राहिले नाहीत. तोंड कापताना मात्र घाई केली नाही. कापायचं, बांधायचं, छेडायचं, सोडायचं. सगळं जमलं तेव्हा नातवानं ब्रश उचलला आणि आजाकडं बघितलं. आजा म्हणाला, "काढ ना. हात कोणी धरलाय?"

त्यानं दुधींना हात लावला नाही. बांबूच्या दांडीवर, दोन्ही टोकांना, जिथं तारा नव्हत्या आणि पडद्यांचं मेणही नव्हतं, तिथं गेरूवर तांदळाच्या पिठानं बारीक नागलीची कणसं काढली. टोकाला मोराची दोन पिसं बांधली.

पुढच्या कापणीला भगत ती घेऊन बसला. त्या रात्रीचं वर्णन करण्यासारखं काही नाही. घांगळी घुमली, मागची माणसं हुंकार देत राहिली, पहाटे भगताचा गळा शाबूत होता. कौतुक कुणी केलं नाही. वाजणारी घांगळी वाजली, यात कौतुक कसलं? दांडीवर कणसं काढली आहेत हे भगताला दिसलं तेसुद्धा उजाडल्यावर, ती गुंडाळून ठेवताना. म्हणाला, "हे कधी केलंस?"

नातू अजूनही जव्हारच्या दुकानाला माल देतो. आरसेवाल्या घांगळ्याही देतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही असं आजानं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. फक्त आता दुकानात दोन दोऱ्या आहेत. एकीवर टांगायच्या, दुसरीवर वाजवायच्या, आणि वाजवायच्यांची किंमत तिप्पट. दुकानदाराला हे पटलेलं नाही. रंग कमी, आरसे नाहीत, मग पैसे जास्त कसले, असं तो दर खेपेला कुरकुरतो. नातू त्याला एक दुधी आतून खरवडायला देतो आणि दुकानदार तो परत देतो.

मागच्या पावसाळ्यात पुण्याच्या एक बाई आल्या होत्या. नातू दुकानातच होता. त्यानं विचारलं, "वाजवणार की टांगणार?"

"आत्ता टांगेन. पुढं शिकलेच तर वाजवीनही."

"मग ही घ्या. ही टांगताही येते. ती दुसरी वाजवता येणार नाही."

बाईंनी दोन्ही छेडून पाहिल्या. फरक त्यांना चांगला कळला, तो चेहऱ्यावर दिसला. मग त्यांनी दोन्हींची किंमत विचारली आणि आरशाची घेतली.